‘घ्या हो, काही होत नाही!’

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझं आयुष्य औषधाच्या दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला गेलं. त्यामुळे मंडळाने बोलायला सांगितलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. काउंटरवर रोज ऐकू येणारं एक वाक्य आहे : “शेजारच्या काकूंनी सांगितलंय, हीच गोळी द्या.” सोबत कात्रीने कापलेला रिकाम्या पट्टीचा तुकडा असतो. त्यावर कधी नाव अर्धं असतं, कधी मुदतीची तारीख गेलेली असते. काकूंचा हेतू मात्र शंभर टक्के चांगला असतो.

आपली मराठी माणसं काचीगुडा, बडी चावडी, नारायणगुडा, बरकतपुरा इथे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या आधाराने राहिली. कोणाच्या घरी ताप आला की पेज जाते, काढा जातो, आणि त्यामागोमाग “घ्या हो, काही होत नाही” म्हणत एखादी गोळीही जाते. दुसऱ्याला औषध सुचवताना कायदा आपल्याला कुठपर्यंत जाऊ देतो आणि कुठे थांबवतो, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी थोडा दिलासा देतो. “मला डोकं दुखलं की मी पॅरासिटामॉल घेते, मला बरं वाटतं,” असं बहिणीला सांगणं हा आपल्या देशात गुन्हा नाही. पैसे न घेता दिलेला सल्ला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यामधल्या ‘सेवे’च्या व्याख्येतही बसत नाही. तेव्हा काकूंना कोणी ग्राहक आयोगात खेचणार नाही. पण सुचवण्यापासून चार पावलं पुढे गेलं की चार वेगवेगळे कायदे भेटतात. ती पावलं नकळत टाकली जातात, म्हणून ती ओळखायला हवीत.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. ‘ओटीसी’ म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध, हा शब्द आपण सर्रास वापरतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे १९४५ चे नियम यांत ‘ओटीसी’ची व्याख्या नाही. कायदा उलट्या बाजूने चालतो. कोणती औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, त्यांच्या याद्या आहेत : अनुसूची एच, एच-१ आणि एक्स. त्यांत जे नाही, ते दुकानदार चिठ्ठी न मागता देऊ शकतो. पॅरासिटामॉल तसं मिळतं. पण तेही विकायला परवाना लागतो. १९४५ च्या नियमांत घरगुती औषधांसाठी एक सवलत आहे, त्यात पॅरासिटामॉल, ग्राइप वॉटर, वेदनाशामक बाम, आम्लपित्ताची औषधं वगैरे येतात. ती विनापरवाना विकायची मुभा मिळते ती १,००० पेक्षा जास्त लोकवस्ती नसलेल्या गावात, तिथे परवानाधारक दुकान नसेल तर, आणि न उघडलेल्या मूळ वेष्टनात. हैदराबादच्या किराणा दुकानाला ती लागू नाही.

पट्टीवर ‘आरएक्स’ ही खूण आणि चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा दिसला, तर ते औषध एचच्या यादीतलं. लाल चौकट आणि लाल ‘आरएक्स’ असेल तर एच-१ चं. एच-१ ची यादी २०१४ च्या मार्चपासून लागू झाली. त्यात क्षयरोगाची औषधं, पुढच्या पिढीची प्रतिजैविकं आणि झोपेच्या, मन शांत करणाऱ्या बऱ्याच गोळ्या आहेत. अशा प्रत्येक विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत करावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. परवाना असलेल्या माणसालाही जे औषध हिशेबाने द्यावं लागतं, ते आपण पर्समधून काढून देतो, हे लक्षात घ्या.

आता ती चार पावलं.

पहिलं पाऊल : हातात देणं, वाटणं. १९४० च्या कायद्याचं कलम १८ (क) परवान्याशिवाय औषध विकायला मनाई करतं, पण तिथेच थांबत नाही. विक्रीसाठी साठवणं आणि ‘वितरण करणं’ हेही त्यात आहे. वाटप फुकट होतं म्हणून प्रश्न मिटत नाही. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल पाच वर्षं, आणि किमान एक लाख रुपये दंड. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्लीत गौतम गंभीर फाउंडेशनने शिबिरातून फॅबिफ्लू मोफत वाटलं. दिल्लीच्या औषध नियंत्रकांनी उच्च न्यायालयाला सांगितलं की हा विनापरवाना साठा आणि वाटप आहे. त्यावरून खटला दाखल झाला. पुढे उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण दरम्यान वर्षं गेली, वकील लागले, तारखा पडल्या. एवढ्या मोठ्या नावाच्या संस्थेची ही गत, तर आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी ते निस्तरायचं कसं?

डॉक्टरांना सवलत आहे, पण तीही मोजकी : आपल्या स्वतःच्या रुग्णाला औषध देण्यापुरती. एका त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे थोडी मलमं आणि लोशनं सापडली म्हणून तमिळनाडूत खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. साठा अगदी थोडा होता आणि बाळगणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टर होत्या, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. आपल्याकडे यांतली दुसरी गोष्ट नाही.

झोपेच्या गोळ्यांचं तर विचारूच नका. अल्प्राझोलॅम हे नाव तेलंगणात वर्तमानपत्रात वारंवार येतं, ते भेसळीच्या ताडीमुळे. हीच गोळी आपल्याकडच्या कितीतरी ज्येष्ठांच्या उशाशी असते, डॉक्टरांनी लिहून दिलेली. ती अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखालीही येते. “मला याने छान झोप लागते, दोन ठेवा तुमच्याकडे,” हे वाक्य प्रेमाचं असलं तरी त्या कायद्याला प्रेम दिसत नाही.

दुसरं पाऊल : डॉक्टरकी करणं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ चं कलम ३४ म्हणतं की राज्याच्या नोंदवहीत नाव नसलेल्याने वैद्यकीय व्यवसाय करायचा नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकदा सांगितलं म्हणजे व्यवसाय झाला असं नाही. पण दर रविवारी ओसरीवर बसून नाडी, रक्तदाब बघायचा आणि कागदावर गोळ्यांची नावं लिहून द्यायची, याला व्यवसाय म्हणतात, मग दक्षिणा घ्या वा न घ्या. तेलंगणात आणखी एक घोटाळा आहे. वस्तीत आणि खेड्यात ज्यांना लोक ‘आरएमपी’ म्हणतात, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे पदवी नसते. कायद्यात मात्र त्याच तीन अक्षरांचा अर्थ ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ असा आहे. तेलंगणा वैद्यक परिषद आणि औषध नियंत्रण प्रशासन या दोघांनी गेल्या काही वर्षांत अशा अपात्र दवाखान्यांवर सातत्याने कारवाई केली आहे.

पदवी असली तरी ती कशाची, हेही बघितलं जातं. मुंबईत एका होमिओपॅथी डॉक्टरांनी तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली. १९९२ च्या जुलैमध्ये तो रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या पद्धतीचं ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा नको. पत्नीला तीन लाख रुपये भरपाई मिळाली. आमच्यासारख्या फार्मासिस्टनाही हीच मर्यादा. औषध कसं घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं नाही, हे समजावणं आमचं कामच आहे. निदान करून औषध लिहिणं आमचं नाही.

तिसरं पाऊल : जाहिरात. १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याच्या अनुसूचीत ५४ विकार आहेत. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, हृदयविकार, मोतीबिंदू, मूतखडा, लठ्ठपणा, वाढलेला किंवा कमी झालेला रक्तदाब, हे सगळे त्यात आले. यांतला कोणताही विकार अमुक औषधाने बरा होतो, अशी जाहिरात करायला बंदी आहे. जाहिरातीची व्याख्या तर ऐकण्यासारखी आहे. पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणासुद्धा! म्हणजे मांडवातला ध्वनिक्षेपक आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणाराही जबाबदार. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिलं होतं. १९५९ च्या डिसेंबरात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा हेतू मान्य केला. तो हेतू म्हणजे लोकांनी स्वतःच स्वतःवर उपचार करण्याला आळा घालणं. आज आपण ज्याविषयी बोलतोय, तेच.

इथे आयुर्वेदिक आणि युनानी औषधांचा प्रश्न हमखास येतो. १९२० पासून आपल्या शहरात तयार होणारं झिंदा तिलिस्मात कोणाच्या घरी नाही? आणि अमृतांजन तर एका तेलुगू माणसाने, काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी, १८९३ साली मुंबईत सुरू केलं, म्हणजे पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहत होता त्याच सुमारास. आयुर्वेदिक, युनानी औषधं बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. म्हणून ती सहज मिळतात. पण १९५४ चा कायदा त्यांनाही तितकाच लागू आहे. चोंदलेल्या नाकाला बाम लावा म्हणणं वेगळं आणि “या चूर्णाने साखर मुळापासून जाते” असा मजकूर दूरध्वनी क्रमांकासकट शंभर जणांना पाठवणं वेगळं.

चौथं पाऊल : इजा होणं. हे सगळ्यांत जड. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू ओढवला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसं घडलं, तर मर्यादा दोन वर्षांची आहे. म्हणजे तीच चूक डॉक्टरने केली तर दोन, आणि डॉक्टर नसलेल्याने केली तर पाच. मृत्यू न होता गंभीर दुखापत झाली, तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत.

कोणी म्हणेल, आम्ही तर चांगल्या मनाने दिलं होतं. कायद्यात ‘सद्‌भावना’ या शब्दाला स्वतःचा अर्थ आहे, आणि जुन्या दंडसंहितेपासून तो बदललेला नाही. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेलं काहीही सद्‌भावनेने केलं असं मानलं जात नाही. १८८७ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एका कविराजाचं प्रकरण आलं. त्याने साध्या सुरीने मूळव्याध कापली, रक्तस्राव होऊन रुग्ण दगावला. असे उपचार आपण आधीही केले आहेत, असं त्याचं म्हणणं. शस्त्रक्रियेचं शिक्षण नसल्यामुळे न्यायालयाने त्याला सद्‌भावनेचा बचाव दिला नाही. हेतू चांगला होता का, याबरोबर काळजी घेतली होती का, हेही कायदा विचारतो.

याच्या जोडीला एक मराठी मातीतला खटला सांगतो. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचा पाय मोडला. पुण्यात उपचार चालू असताना तो गेला. वडिलांनी दावा लावला, आणि ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ म्हणून वकिलांना पाठ असलेला निकाल १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यातलं तत्त्व असं की जो माणूस वैद्यकीय सल्ला आणि उपचार द्यायला तयार आहे असं दाखवतो, तो त्यासाठी लागणारं ज्ञान आणि कौशल्य आपल्याकडे असल्याची हमीच देत असतो. ते प्रकरण डॉक्टरांचं होतं. पण आपणही “मी सांगतो ना, हे घ्या” म्हणतो, तेव्हा तीच हमी देतो, आणि ती पाळायला आपल्याकडे काही नसतं.

न्यायालयात हे सिद्ध करणं सोपं नसतं, हेही खरं. मोठ्या शहाण्या माणसाने तुमचं ऐकून स्वतः विकत घेतलं, तर त्यात त्याची इच्छा आली. पण शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाला तुम्हीच चमच्याने पाजलं, किंवा विसरभोळ्या आजोबांच्या तळहातावर तुम्हीच गोळी ठेवली, तर मधे दुसऱ्या कोणाची इच्छा येत नाही.

आणि इजा होते ती कशी, तेही बघा. भाद्रपदात या शहरात डासांचे ताप असतात. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. अंगदुखीवर लोकप्रिय असलेल्या एका गोळीत आयबुप्रोफेनच असतं, आणि देणाऱ्याला ते माहीत नसतं. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे, तरी घरात मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून देणारे आहेत. पॅरासिटामॉलचं गणित करू. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे २,६००. वर कोणी सर्दीची गोळी सुचवली, तिच्यातही ५०० पॅरासिटामॉल, दिवसातून तीनदा. झाले ४,१००. मर्यादा ओलांडली, यकृतावर भार पडला, आणि सांगणाऱ्या दोघांनाही वाटतं की आपण एक साधी गोळी सांगितली. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, तो निराळाच.

नुसतं नाव सांगणंही कसं फसतं, याचं उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. “ओआरएस पाजा” हा सल्ला किती निर्धोक! पण दुकानात ‘ओआरएस’ हे नाव मिरवणारी गोड पेयं मिळत होती, त्यांत साखर फार. जुलाब झालेल्या मुलाला त्यांनी अपाय होतो. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, तेलंगणा उच्च न्यायालयात याचिका केली. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली.

आता मंडळापुरतं बोलतो.

मांडवात औषधांचं टेबल नको. प्रथमोपचाराच्या पेटीत पट्ट्या, कापूस, जखम धुण्याचं साहित्य, तापमापक ठेवा. गोळ्या ठेवायच्या असतील तर नोंदणीकृत डॉक्टर समोर हजर असतील तेवढ्याच वेळात, त्यांच्याच हातून. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिलंय, पण ते अपघातापुरतं, मांडवातल्या गोळ्यांना ते लागू नाही. कोणाला चक्कर आली, छातीत दुखलं, तर १०८ फिरवा. ती सेवा २००५ मध्ये याच शहरातून सुरू झाली.

स्मरणिकेच्या जाहिरात समितीला विनंती : औषधाची जाहिरात आली की ५४ विकारांची यादी समोर ठेवा. दुकानाचं नाव, पत्ता, शुभेच्छा खुशाल छापा. ‘खात्रीशीर इलाज’ हे दोन शब्द छापू नका. निवेदकांनीही माइकवरून ते वाचू नयेत.

ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांना एक. कोणाच्या तरी सामानात “एवढी औषधं नेऊन द्या” म्हणताना दहादा विचार करा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडते, त्यासाठी आधी परवानगी लागते. पकडला जातो तो पिशवी नेणारा. औषध ज्याचं, त्यानेच ते न्यावं, चिठ्ठीसकट आणि मूळ वेष्टनात.

मग शेजाऱ्याला ताप आला तर नुसतं बघत बसायचं का? मुळीच नाही. विचारा : ताप किती दिवस आहे? आधीपासून कोणती औषधं चालू आहेत? कशाची ॲलर्जी आहे का? त्यांच्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरा आणि ती पिशवी घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्या. रात्री सोबत बसा. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध आणून द्या, वेळेची आठवण करा, हे करायला कोणताही परवाना लागत नाही. आणि कोणी विचारलंच, तर “मी हे घेते, पण ते माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी दिलंय. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा,” असं म्हणा. काकूंचं प्रेम यात तसूभरही कमी होत नाही.

 बाप्पा सर्वांना निरोगी ठेवो.

गणपती बाप्पा मोरया!